वृद्ध माता-पित्यांचा स्मृतिभ्रंश आणि घराची मर्यादा

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्या भाषेंत इतकी रुळलेली आहे कीं, ती उच्चारतांना आपण एखाद्या रोगावर पांघरूण घालीत आहों अशी बोलणाराला शंकाही येत नाहीं. वडिलांनीं चष्मा देव्हाऱ्यांत ठेवला, आईनें एकच गोष्ट दुपारभरांत चारदां विचारली, तर घरांतील मंडळी हंसतात आणि ‘आतां वय झालें’ असें म्हणून विषय संपवितात. कित्येकदां तें खरेंही असतें. परंतु वय होणें आणि स्मृतिभ्रंश होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. वय झालेला मनुष्य चष्मा कोठें ठेवला तें विसरतो. स्मृतिभ्रंश झालेला मनुष्य पुढें पुढें चष्मा हातांत धरून तो कशासाठीं असतो याचा विचार करीत बसतो. पहिल्याला थोड्या वेळानें आठवतें व तो स्वतःशींच हंसतो. दुसऱ्याला आपण विसरलों याचेंही स्मरण राहत नाहीं. तो चष्मा चोरल्याचा आळ मोलकरणीवर घालतो.

स्मृतिभ्रंश हा शब्द तसा जुना. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतही तो आलेला आहे. पण तेथील स्मृतिभ्रंश क्रोध आणि मोह यांतून उद्भवणारा, व म्हणूनच संयमानें टाळतां येण्याजोगा आहे. वैद्यकशास्त्र ज्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेंशिया म्हणतें तो मेंदूचा ऱ्हास होय. त्याच्यापुढें उपदेश, कानउघाडणी किंवा ‘जरा लक्ष देऊन ऐका’ अशी विनवणी यांचा कांहीं उपयोग होत नाहीं. हें वाचायला सोपें वाटलें, तरी ज्या मुलाला वडिलांनीं पाढे शिकविले त्याला तें मनापासून पटण्यास वर्ष-दोन वर्षें सहज लागतात, आणि तेवढ्या काळांत घरांत नाहक भांडणें होतात.

या रोगाच्या शोधाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. १९०१ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मनींतील फ्रँकफर्ट शहराच्या मनोरुग्णालयांत ऑगस्टे डेटर या नांवाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. ती वस्तू भलत्याच ठिकाणीं लपवून ठेवी, नवऱ्यावर संशय घेई आणि मोठमोठ्यानें ओरडे. तेथील डॉक्टर अलोइस आल्झायमर यांनीं तिला तिचें नांव विचारलें. तिनें तें सांगितलें. नवऱ्याचें नांव विचारलें, तेव्हां पुन्हां तिनें स्वतःचेंच नांव सांगितलें. १९०६ सालीं ती वारली, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ट्यूबिंगेन येथें भरलेल्या परिषदेंत आल्झायमर यांनीं तिच्या मेंदूंत आढळलेल्या विकृतीची माहिती दिली. १९१० सालीं एमिल क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत या रोगाला आल्झायमर यांचें नांव दिलें. स्मृतिभ्रंशाचीं कारणें अनेक असलीं तरी त्यांत हाच रोग सर्वांत अधिक आढळतो. या हकीकतींत लक्षांत ठेवण्यासारख्या गोष्टी दोन. बाईंचें वय अवघें एक्कावन्न होतें, हें साठीवर सारा दोष ढकलणारांनीं ध्यानांत घ्यावें. आणि दुसरी अशी कीं, त्या केवळ विसरूं लागल्या म्हणून रुग्णालयांत आल्या नाहींत; त्यांना घरीं सांभाळणें अशक्य झालें म्हणून आल्या.

प्रस्तुत भाषणांत ज्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो येथूनच सुरू होतो. आई किंवा वडील स्मृतिभ्रंशानें ग्रस्त झाले असतां त्यांना घरींच सांभाळावें, कीं अशाच रुग्णांसाठीं चालविलेल्या एखाद्या निवासी केंद्रांत ठेवावें. आणि ठेवावयाचें तर केव्हां? हा प्रश्न आतां थोड्या घरांपुरता उरलेला नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणींत साठ वर्षांवरील शेंकडा सातांहून अधिक, म्हणजे सुमारें ८८ लक्ष, भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज करण्यांत आला. यांतील बहुतेक सर्व आपापल्या घरींच आहेत, आणि पुष्कळ घरांत हा प्रश्न कोणी उघडपणें विचारतही नाहीं. मग तो एखाद्या अपघातानें सुटतो. वडील पहांटे दार उघडून निघून जातात, आई न्हाणीघरांत पडून खुब्याचें हाड मोडून घेते, आणि रुग्णालयाच्या बांकावर बसून, रात्रीं अकरा वाजतां, थकलेलीं व एकमेकांवर चिडलेलीं माणसें तो निर्णय घेतात. निर्णय घेण्यास याहून वाईट जागा व याहून वाईट वेळ सांपडणें कठीण आहे.

निर्णयाकडे वळण्यापूर्वीं रोगाची खात्री करून घेतली पाहिजे, हें वेगळें सांगावयास नको. तरी पण तें सांगावें लागतें, कारण पुष्कळ घरांत तें झालेलेंच नसतें. थायरॉईडचा दोष, बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव (ही शाकाहारी घरांत विशेष आढळते), खोल उदासीनता, कमी ऐकूं येणें, झोंपेच्या किंवा इतर औषधांचा परिणाम, यांनींही वृद्ध मनुष्य स्मृतिभ्रंश झाल्यासारखा दिसतो, आणि योग्य उपचारांनीं तो पुष्कळसा सुधारूं शकतो. काल बरा असलेला मनुष्य आज एकाएकीं बरळूं लागला, तर तो लघवीच्या जंतुसंसर्गाचा किंवा तापाचाही परिणाम असूं शकतो. तेथें निवासाचा विचार न करतां आधीं डॉक्टर गांठावा. त्याचप्रमाणें, जोडीदाराच्या निधनानंतरच्या पहिल्या कांहीं महिन्यांत, किंवा शस्त्रक्रियेनंतर रुग्ण गोंधळलेला असतां, कायमचा निर्णय घेऊं नये.

खात्री झाल्यावर मात्र एक गोष्ट समजून घेणें अवश्य आहे, व ती बहुधा समजून घेतली जात नाहीं. लोकांची समजूत अशी कीं, रोग जसजसा वाढेल तसतसें घरीं सांभाळणें कठीण होत जाईल, आणि अगदीं शेवटीं, सारेंच हाताबाहेर गेल्यावर, दुसरीकडे ठेवावें लागेल. प्रत्यक्षांत तसें नसतें. पहिल्या अवस्थेंत मनुष्य नांवें विसरतो, हिशेब चुकतो, तेंच तें बोलतो. पण त्याला आपलें घर, आपली खुर्ची, आपला चहा समजतो. अशा माणसाला घरांतून हलविण्याचें कांहींच कारण नसतें. उलट ओळखीच्या भिंतीच त्याला आधार देत असतात. अखेरच्या अवस्थेंत तो अंथरुणाला खिळतो. तेव्हां त्याला हवी असते ती शुश्रूषा: कूस बदलणें, भरविणें, अंग पुसणें. एखादी शिकलेली परिचारिका, वरखाली होणारा पलंग व माणसांची साथ असेल तर ही शुश्रूषा घरींही होऊं शकते, आणि अनेक कुटुंबांनीं ती उत्तम केलेली आहे. खरी कसोटी मधल्या अवस्थेंत लागते. त्या वेळीं पाय मजबूत असतात, हातांत जोर असतो, दाराची कडी उघडण्याचें कसब शिल्लक असतें, पण उघडल्यावर कोठें जावयाचें हें समजत नाहीं. शरीर चालतें आणि विवेक थांबलेला असतो. शहरांतील फ्लॅटची रचना या अवस्थेला सर्वथैव प्रतिकूल आहे: गॅसची शेगडी, तिसऱ्या मजल्याचा सज्जा, आंतून लागणारी न्हाणीघराची कडी, दाराबाहेर लिफ्ट आणि लिफ्टच्या खालीं वाहनांनीं भरलेला रस्ता. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या मराठी चित्रपटांतील संस्कृतचे गाढे पंडित मोटारींतून उतरून एका हत्तीच्या मागें चालूं लागतात व हरवतात, डॉ. मोहन आगाशे यांनीं ती भूमिका केली आहे. मुलगी कांहीं मिनिटेंच दूर गेलेली असते. घरोघरीं हत्ती येत नाहींत, पण तीं कांहीं मिनिटें सर्वांच्याच घरीं येतात.

म्हणून निर्णयासाठीं ‘किती विसरतात?’ हा प्रश्न फारसा उपयोगी नाहीं. डॉक्टरांच्या खोलींत तीस गुणांची एक परीक्षा घेतात. आज वार कोणता, हें शहर कोणतें, शंभरांतून सात वजा करीत जा, अशा धर्तीची. तिचे गुण रोगाच्या निदानाला व प्रगतीला साहाय्य करतात, परंतु दहा गुण मिळविणारी एखादी आजी दिवसभर शांतपणें वाती वळीत बसते, आणि अठरा गुण मिळविणारे आजोबा रात्रीं दोन वाजतां कपडे करून कचेरींत जावयास निघतात. घर मोडतें तें दुसऱ्यामुळें. तेव्हां विचारावयाचा खरा प्रश्न हा कीं, या घरांत रात्र कशी जाते?

रात्रीचें एवढें महत्त्व कां, याला शारीरिक कारण आहे. आपल्या मेंदूंत दिवस-रात्रीचें भान ठेवणारें एक घड्याळ असतें; या रोगांत तेंही बिघडतें. त्यामुळें कित्येक रुग्ण दिवे लागण्याच्या वेळीं अस्वस्थ होऊं लागतात. येरझारा सुरू होतात, सावल्यांत माणसें दिसतात, आरशांतला म्हातारा परका वाटून त्याच्याशीं तंटा होतो. पुढें दिवसा झोंप आणि रात्रीं जागरण असा क्रम ठरून जातो. दिवसाची अडचण माणसें वांटून घेऊं शकतात. कोणी कचेरींत जातो, कोणी घरीं राहतो, दुपारीं शेजारची बाई येऊन बसते. रात्र वांटतां येत नाहीं. एकानें तरी जागेंच राहावें लागतें, आणि तोच मनुष्य दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहाला दूध घ्यावयाला, डबे करावयाला किंवा लोकल गांठावयाला उठलेला असतो. महिन्यांतून दोन रात्री अशा गेल्या तर घर सांवरून घेतें. आठवड्यांतून चार-पांच रात्री अशा जाऊं लागल्या, आणि डॉक्टरांनीं सुचविलेले उपाय, म्हणजे दिवसा उजेडांत फिरविणें, दुपारची झोंप कमी करणें, वेदना किंवा बद्धकोष्ठ असल्यास त्यावर इलाज करणें, हे सारे करूनही फरक पडला नाहीं, तर घराची मर्यादा जवळ आली असें समजावें. याच्याच जोडीला ज्या आणखी गोष्टींकडे डोळेझांक करतां येत नाहीं त्या अशा: रुग्ण एकापेक्षां अधिक वेळां घराबाहेर पडून हरवणें; विस्तवाशीं खेळ होणें; अंगावर धांवून येणें, विशेषतः घरांत लहान मूल असतां; आणि खाणें, औषध किंवा अंघोळ यांस इतका विरोध होणें कीं, तीं रोजच्या रोज झटापटीवांचून पार पडत नाहींत.

आतां ज्या माणसाकडे निर्णयाच्या वेळीं बहुधा कोणीच पाहत नाहीं त्याच्याकडे वळूं. हा मनुष्य म्हणजे प्रत्यक्ष सेवा करणारा, आणि आपल्या समाजांत तो जवळजवळ नेहमीं स्त्री असते: पत्नी, सून किंवा अविवाहित मुलगी. पत्नी असेल तर तिचेंही वय सत्तरीच्या पुढें असतें, तिला रक्तदाब असतो, आणि तिची स्वतःची तपासणी गेलीं दोन वर्षें ‘यांच्या आजारपणामुळें’ राहून गेलेली असते. सून असेल तर तिची गोष्ट आणखीच निराळी. कुटुंबाची बैठक भरते. थोरला मुलगा न्यू जर्सीहून व्हिडिओवर बोलतो, धाकटा पुण्याच्या घरांत कोचावर बसलेला असतो, नणंद ठाण्याहून आलेली असते. ‘आईला परक्यांच्या हातांत द्यायचें नाहीं,’ असा ठराव एकमतानें होतो, आणि तो होत असतांना सून आंत सासूबाईंची ओली चादर बदलीत असते. ज्यांना तो पाळावा लागणार नाहीं त्यांनीं संमत केलेल्या या ठरावाला मातृभक्ति म्हणणें धाडसाचें आहे. १९८० सालीं अमेरिकेंत स्टीव्हन झॅरिट व त्यांचे सहकारी यांनीं अशा सेवेकऱ्यांसाठीं एक प्रश्नावली तयार केली. तिचें वैशिष्ट्य हें कीं, तिच्यांतील प्रश्न रुग्णाविषयीं नसून सेवा करणाऱ्याविषयीं आहेत: तुमची प्रकृति बिघडली आहे काय, तुम्हांला स्वतःसाठीं वेळ मिळतो काय, रुग्णाचा राग येतो काय, हें आपल्या हातून यापुढें निभणार नाहीं असें वाटतें काय. कोणत्याही कुटुंबाला बैठकींत सेवा करणाऱ्या व्यक्तीला प्रथम बोलवून हे प्रश्न विचारतां येतील. त्याला छापील कागदही लागत नाहीं. सेवा करणारीचा हात एकदां जरी रुग्णावर उगारला गेला, तर तिला दोष देण्याऐवजीं, ती किती दिवस झोंपलेली नाहीं हें पाहावें. त्या उगारलेल्या हातांत निर्णयाची वेळ झाल्याची सूचना असते.

घर आणि निवासी केंद्र यांच्या मध्यें कांहीं पायऱ्या आहेत, व त्या वापरून पाहिल्यावांचून शेवटच्या पायरीवर जाऊं नये. ब्युरोमार्फत दिवसाची किंवा रात्रीची आया किंवा मावशी ठेवतां येते. मात्र ती दर पंधरवड्याला बदलत असेल तर रुग्णाच्या दृष्टीनें घरांत दर पंधरवड्याला नवा चोर शिरतो. कांहीं शहरांत दिवसापुरतीं केंद्रें आहेत. सकाळीं सोडावें, संध्याकाळीं आणावें. कांहीं ठिकाणीं महिना-पंधरा दिवसांपुरतें ठेवून घेतात, आणि या सोयीचा दुहेरी उपयोग होतो: घरच्या माणसाला झोंप मिळते, व रुग्ण तेथें कसा राहतो हेंही समजतें. १९९२ सालीं केरळांत स्थापन झालेली, आल्झायमर व तत्सम विकारांसाठीं कार्य करणारी अखिल भारतीय संस्था व तिच्या ठिकठिकाणच्या शाखा अशा कामीं कुटुंबांना सल्ला देत आल्या आहेत. खर्चाविषयीं एवढेंच सांगणें पुरे कीं, हा खर्च वर्षानुवर्षें चालणारा असतो. म्हणून पहिल्या वर्षाचा हिशेब करून थांबूं नये, आणि भावंडांपैकीं कोण किती देणार हें तोंडी न ठेवतां लिहून ठेवावें.

एवढें सारें पटूनही अनेकांचें पाऊल एका शब्दापाशीं अडतें, आणि तो शब्द म्हणजे ‘टाकणें’. ‘अमक्यानें आईला आश्रमांत टाकलें’ हें वाक्य आपल्या आळींत कोणीतरी म्हणेल, या भीतीनें जितकीं घरें खचलीं तितकीं पैशाच्या अभावीं खचलीं नसतील. २००७ सालच्या पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थविषयक कायद्यानें आईवडिलांना खरोखर वाऱ्यावर सोडणें हा गुन्हा ठरविला आहे. त्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड अशी शिक्षा आहे. परंतु ज्या मुलाला रात्रीं आईजवळ जागण्यासाठीं दुसऱ्या दिवशींचें काम सोडावें लागतें, त्यानें ती रात्र तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसांकडे सोंपविणें, आणि दर रविवारीं तिच्याजवळ जाऊन बसणें, याला टाकणें म्हणत नाहींत. टाकलेलीं माणसें घरांतही असतात. मागच्या खोलींत बाहेरून कडी लावून, झोंपेच्या गोळ्यांवर ठेवलेल्या आजीला कोणी आश्रमांत पाठविलेलें नसतें, एवढ्यावरून ती सांभाळली गेली असें होत नाहीं.

खुद्द रुग्णाचें मत काय? हा प्रश्न विचारण्याची वेळ फार लवकर असते आणि ती फार लवकर निघून जाते. निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत पुष्कळ रुग्णांना आपली स्थिति समजते व ते आपली इच्छा सांगूं शकतात. त्या काळांत विषय काढणें क्रूरपणाचें वाटतें. पण न काढल्यास पुढें मुलांना आयुष्यभर ‘त्यांना काय हवें होतें?’ या प्रश्नाचें उत्तर शोधावें लागतें. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानें आपल्यावर पुढें कसे उपचार व्हावेत व कसे होऊं नयेत हें आगाऊ लिहून ठेवण्याची, तसेंच आपल्या वतीनें बोलणारा प्रतिनिधि नेमण्याची सोय केली आहे. याच काळांत मृत्युपत्र, बँकेंतील खातीं व विम्याचे कागद यांची व्यवस्था लावून घ्यावी. येथें एक धोका वकिलाकडे न जाणाऱ्या घरांना माहीत नसतो. वडिलांनीं मुलाच्या नांवें मुखत्यारपत्र करून दिलें म्हणजे काम झालें अशी समजूत असते. परंतु १८७२ सालच्या करार कायद्याप्रमाणें, मुखत्यारपत्र देणाऱ्याचें चित्त विकल झाल्यावर मुखत्याराचा अधिकार संपुष्टांत येतो. म्हणजे ज्या दिवसासाठीं तें पत्र केलें त्याच दिवशीं तें निरुपयोगी ठरतें, आणि पालक नेमून घेण्यासाठीं न्यायालयाची पायरी चढावी लागते.

केंद्र निवडतांना नांवावर जाऊं नये. आपल्याकडील बहुसंख्य वृद्धाश्रम, स्वतःचें स्वतः करूं शकणाऱ्यांनाच घेतात. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण ते बहुधा नाकारतात, आणि घेतलाच तरी त्याला सांभाळण्याची तयारी तेथें असतेच असें नाहीं. खास या रुग्णांसाठीं चालणारीं केंद्रें महाराष्ट्रांत मोजकीं, व तींही बव्हंशीं पुणें-मुंबईच्या आसपास आहेत. पाहावयास जाणारे लोक सकाळीं अकराला जातात, चहा घेतात, बाग पाहतात व संतुष्ट होऊन परततात. जावें तें संध्याकाळीं सहाला, आणि शक्य तर न कळवितां. त्या वेळीं किती माणसें कामावर आहेत, येरझारा घालणाऱ्या रुग्णाला कोणी खालीं बसवीत आहे कीं त्याच्याबरोबर चालत आहे, एवढें पाहिलें तरी पुष्कळ समजतें. रात्रपाळीला किती जण असतात, रुग्णास बांधून ठेवतात काय, आणि शांत ठेवण्यासाठीं कोणतीं औषधें कोणाच्या सल्ल्यानें देतात, हे प्रश्न स्पष्टपणें विचारावे. मनोविकारावरील कांहीं औषधांनीं स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा संभव वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें २००५ सालींच दिलेला आहे. तीं कधींच देऊं नयेत असें नाहीं, पण माणसें कमी पडतात म्हणून देऊं नयेत.

हॉलंडमधील वेस्प या गांवीं २००९ सालीं पूर्ण झालेली ‘होगेवेक’ ही वसाहत या बाबतींत जगभर चर्चिली गेली. तेथें लांबलचक दालनें व पांढऱ्या पलंगांच्या रांगा यांच्याऐवजीं लहान लहान घरें, दुकान, उपाहारगृह, बाग आणि वाटा आहेत. रुग्ण सहा-सात जणांच्या कुटुंबासारखे राहतात आणि हवे तेव्हां बाहेर फिरतात. कुंपण आहे, पण तें वसाहतीच्या भोंवतीं आहे, माणसाच्या भोंवतीं नाहीं. तेवढा पैसा आपल्याकडे नाहीं हें खरें. परंतु गोल फिरून पुन्हां आरंभीं येणारी एक वाट, प्रत्येक दारावर ओळखीची एखादी खूण, आणि स्वयंपाकघरांतून येणारा फोडणीचा वास, यांना फारसा पैसा लागत नाहीं. भाषेचेंही असेंच. या रोगांत मागाहून शिकलेल्या भाषा पुष्कळदां आधीं जातात व मातृभाषा सर्वांच्या शेवटीं राहते. चाळीस वर्षें इंग्रजींत कारभार केलेले गृहस्थ अखेरीस लहानपणच्या मालवणींत पाणी मागतात. बंगळूर किंवा परदेशांत राहणाऱ्या मुलांनीं आईवडिलांना आपल्याजवळच्या केंद्रांत ठेवण्यापूर्वीं, त्यांनीं ‘ताट’ किंवा ‘लुगडें’ म्हटलें तर तें कोणाला समजेल काय, याचा विचार केलाच पाहिजे. मुलगा जवळ असणें आणि भाषा जवळ असणें यांत निवड करण्याची पाळी आली, तर उत्तर सोपें नाहीं; तरी रोज बोलणारी माणसें रविवारीं भेटणाऱ्या माणसापेक्षां अधिक वेळ सोबत असतात, हें विसरूं नये.

प्रत्यक्ष हलविण्याच्या दिवशीं मोठें निवेदन करूं नये, वाद तर मुळींच घालूं नये. आपली गोधडी, रोजचा पितळी पेला, देवाची लहानशी मूर्ति, लग्नांतला फोटो, या वस्तू आधींच खोलींत लावून ठेवाव्यात. सकाळची, रुग्ण ताजातवाना असण्याची वेळ निवडावी. पहिले कांहीं आठवडे कठीण जातात. रुग्ण रडतो, जेवत नाहीं, आणि मुलांना पाहतांच म्हणतो, ‘मला घरीं ने.’ हें एक वाक्य ऐकून कित्येकांनीं दुसऱ्याच आठवड्यांत आईला परत आणलें आहे. परंतु ज्यांनीं आईला घरींच ठेवलें आहे त्यांना विचारलें तर तेही सांगतील कीं, स्वतःच्या, पन्नास वर्षें नांदलेल्या घरांत बसून ती रोज संध्याकाळीं हेंच म्हणते. तिला हवें असलेलें घर बहुधा सांगलीचें किंवा राजापूरचें माहेर असतें, तेथें तिची आई जिवंत असते, आणि परसांत कवठी चाफा फुललेला असतो. त्या घराची किल्ली कोणत्याच मुलाजवळ नसते. अशा वेळीं ‘अग, तें घर केव्हांच विकलें’ असें सांगणें म्हणजे दुःख पुन्हां ताजें करणें होय. ‘तुझ्या आईच्या घरीं काय काय असायचें?’ असें विचारावें. ती सांगत बसते, आणि सांगतां सांगतां निवते. मात्र अंगावरचे वळ, झपाट्यानें घटणारें वजन किंवा विशिष्ट माणसाला पाहून घाबरणें दिसलें, तर तें रोगाच्या खात्यावर न टाकतां तत्काळ चौकशी करावी, आणि समाधान न झाल्यास तेथून काढून आणावें. घेतलेला निर्णय फिरविण्याचा अधिकार कुटुंबानें सोडलेला नसतो.

भेटीचे दिवस ठराविक ठेवावेत, आणि एका वेळीं दोघांहून अधिक जणांनीं जाऊं नये. ‘मी कोण, ओळखलेंत काय?’ अशी परीक्षा घेऊं नये. खोलींत शिरतांच ‘आई, मी सुनंदाचा भाऊ, तुझा धाकटा,’ असें आपणच सांगून टाकावें. बरोबर कांहीं हातांचें काम न्यावें, मटार सोलावयास किंवा वाती वळावयास. ज्या सुनेला वर्षभर अंघोळीच्या झटापटीवांचून सासूबाईंजवळ बसतां आलें नव्हतें, ती आतां त्यांच्या केसांना तेल लावीत तासभर बसूं शकते. जेवणाच्या थोडें आधीं जावें, आणि ताट पुढें आलें, त्यांचें लक्ष वरणभाताकडे वळलें, कीं निरोपाचा शब्द न काढतां हळूच उठावें.